विषय क्रमांक नऊ

अध्ययन मंडळाची बैठक साडेअकराची,
सुरू झाली बाराला पाच कमी असताना,
कारण उज्जैनचे बाह्य सदस्य
सांवेरपाशी कुठेतरी अडकले होते.
मी कोपऱ्यात. पुढ्यात रजिस्टर,
दोन पेनं, हजेरीचा कागद.
मला मत नाही. मला फक्त अक्षर आहे.

कार्यवृत्त इंदुरात हिंदीतच लिहायचं.
मी हिंदीत ऐकतो, हिंदीत लिहितो,
खाडाखोड तेवढी मराठीत, मनातल्या मनात.

एक ते आठ सरळ गेले.
मागच्या बैठकीची पुष्टी, परीक्षकांची यादी,
काचपट्ट्यांची खरेदी,
चार श्रेयांकांचे तीन, तीनाचे पुन्हा चार.
कचोरी आली. परिशिष्टावर शेव सांडली.

मग नऊ.
चौथं सत्र, तिसरा पेपर:
'गवतांची ओळख, क्षेत्रकार्यासह'. वगळावा.
त्या जागी 'व्यक्तिमत्त्व आणि उद्यमशीलता'.

मी मान वर केली नाही.
हा पेपर मी दिलाय.
शहाण्णवचा ऑक्टोबर, रालामंडळची टेकडी,
रेशीमवाले बाई भराभर पुढे,
आम्ही एकोणीस जण धापा टाकत मागे.
"मुळे, हे काय?"
"गवत, बाई."
"आडनावाला जरा जागा. खोड बोटांत फिरवून बघ."
फिरवलं. तीन कडा लागल्या.
"गवताचं खोड गोल. हा लव्हाळा."
दोन गुण गेले ते गेले,
पण बोटांना तो तिकोन अजून पाठ आहे.
त्या रात्री मोज्यांतली कुसळं उपटत बसलो होतो;
सगळी निघाली नाहीत.

वाटलं, बाई आता कडाडतील.
मी 'असहमति' लिहायला एक ओळ
कोरी सोडूनही ठेवली.

बाईंनी चष्मा पुसला.
म्हणाल्या, "प्रस्ताव माझाच आहे."

पंखा एकदम ऐकू यायला लागला.

"तीस जूनला मी निवृत्त.
शेजारची खुर्ची अकरा वर्षं रिकामी.
अतिथी विद्वान येईल, तासावर पैसे,
टेकडीवर न्यायला बस नाही,
तो बिचारा फोटो दाखवेल.
फोटोतलं खोड बोटांत फिरत नाही.
खोटं शिकवण्यापेक्षा बंद करा,
आणि बंद केलं, असं स्पष्ट लिहा."

नाहर मॅडम नव्या. त्यांनी विचारलं,
पद भरायची शिफारस का करत नाही आपण?
"चारदा केली," बाई म्हणाल्या,
"यांना विचारा."
यांना म्हणजे मला.
चारही माझ्याच अक्षरात आहेत.
'शासन को प्रेषित.'
प्रेषित गेले, परत कोणी आलं नाही.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
मी लिहिलं:
चर्चा उपरांत सर्वसम्मति से विलोपित.
'चर्चा उपरांत'चं पोट मोठं आहे.
पाऊण तास त्यात सहज मावला,
ढेकरही आला नाही.
कोरी ओळ मी आडवी रेघ मारून बंद केली,
नंतर कोणी काही भरू नये म्हणून.
नियमच आहे तसा.

मसुदा सगळ्यांना पाठवला.
सगळ्यांचा आला तसा परत, खाली सही.
बाईंच्या प्रतीवर पेन्सिल.
ठरावावर नाही, नावावरही नाही.
पान सतरा, परिशिष्ट तीन,
वगळलेल्या पेपरचा मजकूर:
'हेटेरोपोगॉन कॉन्टॅक्टस' असं मी टंकलं होतं.
'कॅ' खोडून 'कॉ', 'क्ट' खोडून 'र्ट'.
समासात बारीक अक्षरात, मराठीत:
"मुळे, रद्द झालं म्हणून अशुद्ध का राहावं?
कॉन्टॉर्टस. पीळ पडलेलं.
ओल लागली की कुसळ आपोआप फिरतं
आणि मातीत शिरतं.
हे शिकवलं होतं."

जुनं परिशिष्ट काढून ताडून पाहिलं.
पान उलटताना बोटाला काहीतरी टोचलं.
शेव असेल.